स्फटिकातील फेरफार
(स्मृतिव्याख्यान)



ज्या अध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी आपली हयात रसायनशास्त्राच्या अध्यापनात वेचली, आणि शास्त्र जोवर आपल्या भाषेत बोलू लागत नाही तोवर ते आपल्या समाजाचे झाले असे म्हणता येणार नाही, या मताचा त्यांनी अखेरपर्यंत पाठपुरावा केला. त्यांच्या स्मृतीस शोभेल असा विषय निवडताना, रसायनशास्त्राच्या आणि भूविज्ञानाच्या हद्दी जेथे एकमेकींस लागतात अशी जागा शोधावी असे मला वाटले. निवत जाणाऱ्या शिलारसातील स्फटिक आणि त्या स्फटिकांतील समस्थानिक ही तशी जागा आहे. माझे प्रतिपाद्य थोडक्यात असे : स्फटिक निवत असताना त्यात अणूंची जी देवघेव होते, ती मूळ नोंदीचा निव्वळ बिघाड होय असे पुष्कळ काळ मानले गेले, परंतु ती देवघेव हीच एक स्वतंत्र नोंद असून, ती खरी की भासमान हे ठरविण्याचे साधन समस्थानिकांच्या रूपाने आता आपल्या हाती आले आहे.

प्रथम समस्थानिकांविषयी. एकाच मूलद्रव्याचे, रासायनिक गुणधर्मांनी जवळजवळ अभिन्न पण वजनाने भिन्न असे अणू असतात, ही गोष्ट १९१३ साली फ्रेडरिक सॉडी यांनी मांडली आणि तेव्हापासून त्या अणूंना समस्थानिक हे नाव रूढ झाले. मॅग्नेशियमचे असे तीन प्रकार निसर्गात आढळतात. त्यांचे अणुभारांक २४, २५ आणि २६ असून शंभरांत त्यांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ७९, १० आणि ११ पडते. लोहाचे प्रकार चार, ५४, ५६, ५७ आणि ५८; त्यांपैकी ५६ भारांकाचा एकटाच शेकडा ९० हून अधिक जागा अडवून बसलेला आहे. समतोल प्रस्थापित झाला असता हलके व जड अणू दोन पदार्थांत किंचित विषम वाटले जातात, हे हॅरल्ड यूरी यांनी १९४७ साली गणिताने दाखविले. पण तापमान जसजसे चढते तसतशी ही विषमता झपाट्याने घटते, असेही त्याच गणितावरून निघते. तेव्हा हजार-बाराशे अंश सेल्सियसपर्यंत तापलेल्या शिलारसात मॅग्नेशियम अथवा लोह यांसारख्या धातूंचे समस्थानिक एकमेकांपासून फारसे विभक्त होणार नाहीत, असा निष्कर्ष काढला गेला, आणि तो पुष्कळ वर्षे विनातक्रार चालला.

या निष्कर्षात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, आणि तेथेच त्याचा कच्चा दुवा होता. समतोल झालेला आहे, हे ते गृहीत. समतोल होण्यापूर्वी, वाटेत, काय घडते याचा विचार त्यात नव्हता.

वाटेत जे घडते त्याला विसरण म्हणतात. वायू एकमेकांत मिसळण्याची गती त्यांच्या वजनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते, हा नियम टॉमस ग्रॅहॅम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रयोगाने सिद्ध केला. पुढे १८५५ साली अॅडॉल्फ फिक यांनी, उष्णतेच्या वहनाविषयी फूरिये यांनी १८२२ साली दिलेले गणित पदार्थांच्या विसरणास तसेच्या तसे लागू पडते, असे दाखविले. घन पदार्थांच्या पोटातही अणू स्थलांतर करतात, हे मान्य व्हावयास मात्र शतकाची अखेर उजाडावी लागली. लंडनच्या शाही टांकसाळीतील धातुशास्त्रज्ञ रॉबर्ट्स-ऑस्टेन यांनी घन शिशामध्ये सोने कसे आत शिरत जाते याची मोजमापे १८९६ साली प्रसिद्ध केली, तेव्हा हा वाद संपला. स्फटिकाच्या जालकात प्रत्येक आयनाची, म्हणजे विद्युतभारित अणूची, जागा नेमलेली असते खरी, परंतु काही जागा रिकाम्या राहतात, आणि शेजारची जागा रिकामी मिळाली व उष्णतेने पुरेसे बळ दिले की आयन उडी मारून तेथे जातो. या उड्यांना कोणतीही योजना नसते. म्हणून अंतर दुप्पट कापावयाचे तर काळ चौपट लागतो. आणि तापमान उतरू लागले की उड्यांची संख्या इतक्या वेगाने रोडावते की, एका मर्यादेनंतर ती थांबली असेच व्यवहारतः धरावे लागते.

आता या उड्यांत हलक्या आणि जड भावंडांची स्थिती समान नसते. हलका समस्थानिक किंचित अधिक चपळ असतो. वायूमध्ये प्रत्येक कण स्वतंत्रपणे धावतो, त्यामुळे वजनाचा फरक तेथे पुरता जाणवतो. स्फटिकात किंवा शिलारसात एका आयनाच्या हालचालीत आजूबाजूचे आयनही ओढले जात असल्यामुळे हा फरक ग्रॅहॅम यांच्या नियमाने येईल त्याहून पुष्कळच कमी भरतो. तरी तो शून्य नव्हे. शिकागो विद्यापीठाचे फ्रँक रिख्टर आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ साली वितळलेला बेसाल्ट व वितळलेला ऱ्हायोलाइट शेजारी शेजारी ठेवून जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत लिथियमच्या दोन समस्थानिकांचे गुणोत्तर दर हजारी सुमारे ४० इतके ढळलेले आढळले. उच्च तापमानात समस्थानिक विभक्त होत नाहीत, हा समज त्या आकड्यापुढे टिकणे शक्य नव्हते.

येथे एक मुद्दा नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण आजच्या विषयाचा सारा भार त्यावर आहे. विसरणाने पडलेला समस्थानिकांचा फरक हा अपूर्णतेचा फरक असतो. देवघेव सुरूच झाली नसेल तर तो नसतो. देवघेव तडीस जाऊन समतोल झाला, म्हणजे मागे राहिलेले जड अणूही यथावकाश मुक्कामी पोचतात आणि फरक पुसला जातो. काम अर्धवट राहिले तरच पुरावा उरतो. आणि काम अर्धवट थांबविणारी शक्ती कोणती, तर निवणे. शिलारस निवला, आयनांच्या उड्या बंद पडल्या, आणि ज्या क्षणी ज्या अवस्थेत ते होते ती अवस्था स्फटिकात गोठून राहिली. शिलारस फार सावकाश निवला असता तर सर्व एकजीव होऊन गेले असते, क्षणार्धात निवला असता तर काहीच घडले नसते. या दोन टोकांच्या मध्ये जे स्फटिक सापडले तेच आपणांस काही सांगू शकतात.

असे स्फटिक, आणि त्यांच्या निवण्याचा लेखी वृत्तान्त, या दोन्ही गोष्टी एके ठिकाणी लाभणे दुर्मीळ. पण हवाई बेटावरील किलाउइआ इकी या विवरात त्या लाभल्या आहेत. किलाउइआ ज्वालामुखीच्या माथ्यालगत असलेल्या या खोलगट विवराच्या भिंतीत १९५९ च्या नोव्हेंबरच्या १४ तारखेस भेग पडली आणि तीतून लाव्हा विवरात कोसळू लागला. उद्रेक थांबून थांबून पुन्हा उसळत होता. एका वेळी तर लाव्ह्याचे कारंजे सुमारे ५८० मीटर उंच गेले. २० डिसेंबरला सारे शांत झाले, तेव्हा विवरात शंभर मीटरांहून अधिक खोलीचे लाव्ह्याचे सरोवर साचलेले होते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने १९६० पासून १९८८ पर्यंत या सरोवरास वेळोवेळी भोके पाडली, पृष्ठभागावर धरलेली घट्ट साय किती जाड झाली हे मोजले, निरनिराळ्या खोलींवरील तापमाने टिपली, आणि खडकांचे गाभे वर काढून जतन केले. रोझलिंड हेल्झ या विदुषीने तर आयुष्यातील फार मोठा काळ या गाभ्यांच्या अभ्यासास दिला. सरोवर पुरते घट्ट व्हावयास १९९० नंतरची काही वर्षे उजाडावी लागली. सामान्यतः खडकाचे वय आणि त्याच्या निवण्याची हकिगत ही भूवैज्ञानिकाला अनुमानाने काढावी लागते. येथे जन्मतारीख, तापमान आणि मुदत या तिन्ही बाबी दप्तरी दाखल आहेत.

या लाव्ह्यात ऑलिव्हीनचे हिरवट स्फटिक विपुल आहेत. ऑलिव्हीन म्हणजे मॅग्नेशियम व लोह यांचे सिलिकेट. या दोन धातूंचे आयन आकाराने इतके जवळचे की जालकात एकाची जागा दुसरा सुखेनैव घेऊ शकतो. यांतील पुष्कळसे स्फटिक सरोवरात तयार झालेले नव्हेत. ते भूगर्भातच घडून, मॅग्नेशियमने समृद्ध अशा अवस्थेत, लाव्ह्याबरोबर वर आले. सरोवर निवू लागले तसा उरलेला द्रव लोहाच्या बाबतीत अधिकाधिक संपन्न होत गेला, आणि या परिस्थितीशी जुन्या स्फटिकांचा मेळ बसेना. म्हणून त्यांच्यातून मॅग्नेशियम बाहेर पडू लागले व तितकेच लोह आत येऊ लागले. अशा स्फटिकाचा मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या तिप्पट इतका पातळ छेद घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर साध्या प्रकाशात तो जवळजवळ रंगहीन आणि वेड्यावाकड्या तडांनी भरलेला दिसतो. ध्रुवित प्रकाशाच्या आडव्या-उभ्या जाळीत धरताच त्याच्यावर निळा, गुलाबी, नारिंगी असे झगझगीत रंग उमटतात. पण देवघेवीचा मागमूस बहुधा तेथेही लागत नाही. तो लागतो इलेक्ट्रॉनांच्या शलाकेखाली. लोहाचा अणू जड असल्यामुळे तो इलेक्ट्रॉन अधिक परतवितो, त्यामुळे स्फटिकाचा गाभा काळसर आणि कडेकडेची वलये उजळ अशी प्रतिमा मिळते.

या उजळ वलयाचा अर्थ काय करावयाचा? संशोधकांचा खरा पेच येथे उभा राहतो. एक अर्थ असा की, स्फटिक वाढतच होता, आणि भोवतालचा द्रव लोहसंपन्न होत गेल्यामुळे नवे थर अधिकाधिक लोहयुक्त बसत गेले; मग ते वलय म्हणजे वाढीचा इतिहास. दुसरा अर्थ असा की, स्फटिक पूर्वीच पुरता वाढलेला होता आणि लोह बाहेरून आत झिरपले. मग ते वलय म्हणजे विसरणाचा इतिहास. दोहोंत लोहाच्या प्रमाणाची रेघ सारखीच, गाभ्याकडून कडेकडे चढत जाणारी. जमिनीच्या सातबाऱ्यावर कब्जेदाराचे नाव आज काय आहे एवढेच कळते. ते नाव तेथे मुळापासून होते की मागाहून चढले, आणि चढले तर कोणत्या हक्काने, हे पाहावयाचे तर तलाठ्याकडील फेरफाराची नोंदवही उघडावी लागते. रासायनिक प्रमाण हा स्फटिकाचा सातबारा आहे, आणि फेरफाराची वही समस्थानिकांनी लिहिलेली आहे.

ती वही वाचण्याची रीत तर्काने सरळ आहे. वलय संथ वाढीने झाले असेल, तर एवढ्या उच्च तापमानात समस्थानिकांची गुणोत्तरे जवळजवळ जैसे थे राहावयास हवीत. वाढ फार भरधाव झाली आणि द्रवातील आयन स्फटिकापर्यंत पोचण्याच्या शर्यतीत हलके पुढे गेले, तर मॅग्नेशियम आणि लोह हे दोन्ही स्फटिकात हलक्या बाजूस झुकावयास हवेत. परंतु एक आत व दुसरे बाहेर अशी अदलाबदल झाली असेल, तर दोहोंचा झुकाव परस्परविरुद्ध असला पाहिजे : बाहेर पडणाऱ्या मॅग्नेशियमपैकी हलके अणू आधी निघून जातात, म्हणून स्फटिकात राहिलेले मॅग्नेशियम जड होते, आत येणाऱ्या लोहापैकी हलके अणू आधी शिरतात, म्हणून स्फटिकातील लोह हलके होते.

फँग-झेन टेंग, निकोला डोफास, हेल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली हवाईच्या लाव्ह्यांतील ऑलिव्हीनचे साठाहून अधिक तुकडे तपासून जो निर्णय दिला, तो याच कसोटीवर. प्रत्येक तुकडा अम्लात विरघळवून, त्यातील मॅग्नेशियम व लोह निराळे करून, द्रव्यमान-वर्णपटमापकात त्यांची गुणोत्तरे मोजली असता, मॅग्नेशियममध्ये दर हजारी ०.४ पर्यंत आणि लोहामध्ये दर हजारी १.६ पर्यंत तफावत आढळली. त्याहून महत्त्वाचे हे की, दोहोंची तफावत एका सरळ रेषेवर आणि उलट दिशांनी होती. मॅग्नेशियमची तफावत जड बाजूस जितकी, लोहाची हलक्या बाजूस त्याच्या सुमारे ३.३ पट. लोहाचा पल्ला मोठा का, याचेही कारण स्पष्ट आहे. स्फटिकात मॅग्नेशियमचा साठा मुबलक असल्यामुळे थोडे बाहेर गेल्याने त्याच्या गुणोत्तरावर बेताचाच परिणाम होतो; लोह मुळात थोडे, त्यामुळे नव्याने आलेल्या लोहाचा ठसा ठळक उमटतो. पुढे २०१३ साली कोर्लिस सिओ आणि डोफास यांच्या मंडळींनी स्फटिक विरघळवून न टाकता, त्याच्या गाभ्यापासून कडेपर्यंत ठिकठिकाणी सूक्ष्म नमुने घेऊन ही गुणोत्तरे क्रमवार मोजली आणि वाढीचा वाटा किती व विसरणाचा किती, हे एकाच स्फटिकात वेगळे काढण्याचा मार्ग घालून दिला.

या निवाड्याची गरज कोठे पडते, हे आता सांगितले पाहिजे. वलय विसरणाचे आहे असे ठरले की त्याच्या रुंदीवरून काळ काढता येतो. १२०० अंशांच्या सुमारास ऑलिव्हीनमधील लोह-मॅग्नेशियमची अदलाबदल एका वर्षात मिलिमीटरच्या साधारण दहाव्या हिश्शापर्यंत पोचते, तर त्याच वर्षात खडकातून उष्णता काही मीटर चालून जाते. फूरिये आणि फिक यांचे गणित एकच, पण दोन गतींमध्ये हे प्रचंड अंतर असल्यामुळे सरोवर निवले तरी स्फटिकांतील देवघेव अपुरी राहू शकते. हिशेबात सावधगिरीही पुष्कळ लागते. ऑलिव्हीनच्या एका अक्षाच्या दिशेने आयन इतर दोन अक्षांच्या मानाने सुमारे सहापट वेगाने सरकतात, म्हणून स्फटिक कोणत्या दिशेने कापला गेला हे माहीत नसेल तर उत्तर साफ चुकते. आणि तापमान सतत उतरत असल्यामुळे एका ठरीव गतीने भागाकार करून भागत नाही, क्षणाक्षणाच्या गतींची बेरीज करावी लागते. पण सर्वांत मोठी फसगत वेगळीच आहे. वाढीने झालेले वलय विसरणाचे समजून हिशेब केला, तर आठवड्यांच्या जागी वर्षे येतात आणि मुदत फाजील लांबते.

ही मुदत निव्वळ पंडितांच्या कुतूहलाची बाब नव्हे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सेंट हेलेन्स हा ज्वालामुखी १८ मे १९८० रोजी फुटला आणि पुढे सहा वर्षे थांबून थांबून लाव्हा ओकत राहिला. केट साँडर्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली त्याच्या पायरोक्सीन या खनिजाच्या स्फटिकांच्या कडांवरून त्या कडा केव्हा तयार झाल्या याचे हिशेब मांडले, तेव्हा त्या तारखांचा त्या काळी नोंदलेल्या भूकंपांशी व वायूंच्या उत्सर्जनाशी मेळ बसतो असे दिसून आले. भूगर्भात नवा शिलारस भरला जाणे आणि उद्रेक होणे यांमध्ये किती अवधी मिळतो, हे ज्वालामुखीच्या पायथ्याशी राहणाऱ्या वस्तीच्या दृष्टीने जीवनमरणाचे ज्ञान आहे. आणि ते ज्या वलयावरून काढावयाचे, ते वलय खरोखर विसरणाचे आहे की नाही याची खातरजमा केल्यावाचून तो आकडा कोणाही अधिकाऱ्याच्या हाती देणे जबाबदारीचे होणार नाही.

आपल्या पायांखालील भूमीशी या विषयाचा संबंध कसा येतो, हे विचारणे हा श्रोत्यांचा हक्क आहे. सह्याद्रीचे काळे पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे आहेत, आणि त्यांच्या थरांना भूवैज्ञानिकांनी आपल्याच गावांची व घाटांची नावे दिलेली आहेत : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. या थरांची ओळख पटविण्यात स्ट्राँशियमच्या समस्थानिकांचा मोठा उपयोग झाला. आंबेनळीच्या थरात ८७ व ८६ या भारांकांच्या स्ट्राँशियमचे गुणोत्तर ०.७०४ च्या आसपास आहे, बुशे थरात ते ०.७१३ च्याही वर जाते, कारण तो शिलारस वर येताना जुन्या भूखंडीय कवचाचा अंश घेऊन आला. येथे गुणोत्तर बदलते ते किरणोत्सर्गाने घडलेल्या भिन्न साठ्यांच्या मिश्रणामुळे, हलक्या-जडाच्या शर्यतीमुळे नव्हे. हे दोन प्रकार एकत्र करून चालणार नाही. याच खडकांचे वय काढताना विसरणाचा विचार आणखी एका रूपाने येतो. पोटॅशियमपासून निर्माण होणारा अर्गॉन तप्त स्फटिकातून निसटतो, आणि स्फटिक पुरेसा निवल्यावरच आत कोंडला जातो. ही मर्यादा गणिताने बांधण्याचे काम मार्टिन डॉडसन यांनी १९७३ साली केले. साध्या लाव्ह्याचा थर फार तर काही दशकांत निवतो, आणि कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात ही दशके नगण्य असल्यामुळे तेथे विसरणाची बाधा मानावी लागत नाही.

परंतु उद्रेकांपूर्वी शिलारस जमिनीखाली किती काळ मुक्कामास होता, हे विचारले की ही सोय राहत नाही. थळघाट, मंचर, गिरवली या परिसरांत फेल्स्पार या खनिजाचे कित्येक सेंटिमीटर लांबीचे स्फटिक बाळगणारे लाव्ह्याचे थर आहेत, आणि एवढे मोठे स्फटिक वाढावयास किती वर्षे लागली या प्रश्नाचे उत्तर सर्वस्वी वाढ आणि विसरण यांच्या वाटणीवर अवलंबून आहे. ऑलिव्हीनच्या बाबतीत आपली अडचण अधिक आहे, कारण दख्खनच्या खडकांतील ऑलिव्हीन पुष्कळदा पाण्याच्या संपर्काने कुजून तांबूस द्रव्यात रूपांतरित झालेले असते, आणि कुजलेल्या स्फटिकात मूळ देवघेवीची वलये शोधणे व्यर्थ होय. तेव्हा ताजे, न कुजलेले स्फटिक धीराने वेचणे, त्यांच्या अक्षांची दिशा तपासणे, आणि मगच समस्थानिक मोजण्यास हात घालणे, हाच क्रम येथील अभ्यासकास पाळावा लागेल.

या साऱ्या विवेचनातून निघणारा धडा खडकांपुरताच मर्यादित आहे असे मला वाटत नाही, पण मी तो खडकांपुरताच सांगेन. स्फटिकातील एखाद्या आकड्याकडे पाहून हा त्याच्या जन्माचा दाखला आहे, असे मानण्याची सवय आपण सोडली पाहिजे. तो जन्माचा असेल, अथवा जन्मानंतरच्या व्यवहाराचा असेल, आणि दोन्हींचा मिळूनही असेल. वयाचा शोध घेणाऱ्याला विसरण ही अडचण वाटते, तर मुदतीचा शोध घेणाऱ्याला तेच भांडवल ठरते; म्हणून विसरण चांगले की वाईट, हा प्रश्नच गैरलागू आहे. विचारावयाचे एवढेच की, हा बदल कोणत्या रीतीने घडला, आणि तो कोठे अर्धवट थांबला. किलाउइआ इकीच्या स्फटिकांनी या प्रश्नाचे निर्णायक उत्तर दिले ते त्यांतील मॅग्नेशियम व लोह यांची साक्ष एकत्र घेतली म्हणून. एकट्या मॅग्नेशियमची अथवा एकट्या लोहाची तफावत पाहणाऱ्यास संशयाला जागा राहिली असती. ज्या अध्यापकांचे आज आपण स्मरण करीत आहोत, ते आपल्या विद्यार्थ्यांना एका मापावर विसंबू नका असे नेहमी बजावीत असत, असे त्यांच्या शिष्यांकडून ऐकतो. त्या उपदेशाची याहून नेमकी प्रचीती मला दुसऱ्या कोणत्या विषयात देता आली नसती.